मोहाखालची आग



मोह पडायला लागला. पहाटे टोपली घेऊन सारं गाव जंगलात, अन् दुपारी डोंगरावर धूर. वनखातं म्हणतं, आदिवासींनी लावली. आपण म्हणतो, वाटसरूच्या बिडीनं लागली. कधी तेही खरं असतं. पण आपसात तरी खरं बोलू. फुलं नीट दिसावी म्हणून मोहाखालचा पाचोळा आपणच पेटवतो अन् न विझवता घरी येतो. तेंदूला कोवळा पाला फुटावा म्हणूनही काडी लावतो.

मोठा मोह या आगीत जळत नाही, म्हणून आपल्याला काही वाटत नाही. जळतात ती त्याच्याखालची रोपं. आज वेचतो तो मोह आजोबांच्या काळचा. नातवांचा मोह कुठं आहे? चारोळीची रोपं गेली, गुरांचा चारा गेला. उघडी माती पहिल्या पावसात वाहून जाते.

२००६ च्या वनहक्क कायद्यासाठी आपण मोर्चे काढले. त्यातलं हक्काचं कलम ३ आपल्याला पाठ आहे. कलम ५ पण वाचा. जंगल, वन्यप्राणी, पाण्याच्या जागा राखायचा अधिकार ग्रामसभेला आहे. त्यासाठी नियम ४ प्रमाणे ग्रामसभेनं आपल्यातून समिती नेमायची. दावे तपासणारी वनहक्क समिती वेगळी, ही वेगळी. किती गावांनी नेमली?

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण गाव त्याआधी कित्येक वर्षं जंगल राखत होतं. राखण आधी, कागद नंतर.

मग एवढं करू :

१. मोहाखाली खराट्यानं झाडू, जाळू नये.

२. तेंदूची झुडपं छाटू, पेटवू नये.

३. राखणीची पाळी लावू. ओडिशातल्या गावांत ज्याच्या दारात काठी, त्याची पाळी. राखून आला की काठी शेजारच्या दारात.

४. आग दिसली की घरटी एक माणूस निघेल.

५. दंड ठरवू. पुढाऱ्यालाही तोच, गरिबालाही तोच.

हे ठरवताना बायांना आधी विचारा. मोह त्याच वेचतात.

आपल्या धुराकडे बोट दाखवून उद्या कुणी म्हणेल, यांना जंगल कशाला दिलं? तेव्हा उत्तर मोर्च्यात नाही, जंगलात दिसलं पाहिजे. तेंदूच्या हंगामाआधी ग्रामसभा बोलवा अन् हा विषय पहिला घ्या.

जंगल आपलं, तर राखणही आपलीच!