पोहण्याच्या गॉगलची काच : तलावाची वेगळी, समुद्राची वेगळी

कापडाच्या दुकानात जाणते गिऱ्हाईक साडीचा रंग ट्यूबलाइटखाली ठरवीत नाही. घडी हातात घेऊन ते ओट्यावर, दिवसाच्या उजेडात येते. नंदुरबारच्या बाजारात मिरची पारखणारा व्यापारीही मूठभर माल उन्हात धरूनच भाव बोलतो. रंग जितका वस्तूत असतो तितकाच तो उजेडातही असतो, हे व्यापारी घरांना कोणी शिकवावे लागत नाही. तरीही त्याच घरातील मुलांसाठी पोहण्याचा गॉगल घेताना ही पारख दुकानाबाहेरच राहते. निळा, काळा, पिवळा, आरशासारखा चमकणारा असे नमुने काउंटरवर मांडले जातात, मुलाला ‘मर्क्युरी’ आवडतो, वडिलांना किंमत पटते आणि खरेदी आटोपते.

शहाद्याला लागून असलेल्या लोणखेड्यासारख्या गावात मागची पिढी पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकली. तिला गॉगल ठाऊक नव्हता आणि त्यावाचून तिचे अडलेही नाही. आताची मुले उन्हाळ्याच्या सुट्टीत सुरत, नाशिक किंवा पुण्याच्या नातेवाइकांकडे जातात आणि तलावात शिकून येतात. त्यांतील एखाद्या मुलीला पोहण्याची खरी गोडी लागते आणि मग घरात मालवणच्या चिवला किनाऱ्यावर भरणाऱ्या सागरी जलतरण स्पर्धेचा विषय निघतो. येथे काचेच्या रंगाचा प्रश्न हौशीचा राहत नाही. तलावात दिसले नाही तर डोके भिंतीला लागते. समुद्रात दिसले नाही तर दिशाच हरवते.

गॉगल मुळात कशासाठी, हे आधी पाहिले पाहिजे. माणसाचा डोळा हवेत पाहण्यासाठी घडलेला आहे. बुबुळावरचा पारदर्शक पडदा प्रकाशाला वाकवितो, तो हवा आणि तो पडदा यांतील फरकामुळे. पाणी थेट डोळ्याला भिडले की हा फरक जवळजवळ नाहीसा होतो आणि सारे धूसर दिसते. गॉगल डोळ्यापुढे हवेची लहानशी खोली राखतो, म्हणून दृष्टी परत येते. मात्र पाण्यातील वस्तू सुमारे एक चतुर्थांश जवळ भासते. नवख्या मुलाचा हात भिंतीपर्यंत पोहोचण्याआधीच थांबतो, त्याचे कारण बहुधा हेच. 1926 मध्ये इंग्लिश खाडी पोहून जाणारी पहिली स्त्री ठरलेल्या गर्ट्रूड एडर्ली यांनी मोटारसायकलस्वारांचा गॉगल मेणाने बंद करून वापरला होता. तेव्हा पाणी आत शिरू नये एवढीच अपेक्षा होती. आजही पहिली कसोटी तीच आहे. पट्टा न लावता गॉगल डोळ्यांवर हलकेच दाबावा. क्षणभर तरी तो आपोआप चिकटून राहिला तर तो त्या चेहऱ्याचा. जो चिकटत नाही, त्याचा रंग पाहण्याचे कारण नाही.

बंदिस्त तलावाचा प्रश्न सोपा आहे. छताखालचा उजेड बेताचा असतो, पाणी स्वच्छ असते, तळाशी काळ्या रेघा आखलेल्या असतात. तेथे पांढरी, म्हणजे बिनरंगाची काच उत्तम; फार तर फिकट निळी. गडद काच लावून छताखाली पोहणे म्हणजे दिवसा दुकानाचे शटर अर्धे ओढून हिशेब लिहिणे होय. उघड्या तलावाचे गणित वेगळे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावरील टिळक तलावासारख्या उघड्या तलावात सकाळी सहाला पांढरी काच पुरते. दहा वाजता पाण्यावर ऊन नाचू लागले की निळी किंवा धुरकट काच डोळ्यांना निवांत ठेवते. पाठीवर पोहणाऱ्याचे तोंड सतत आकाशाकडे असते, त्याला हा फरक सर्वांत आधी जाणवतो. निळी काच चकाकी थोडी शमविते, धुरकट काच सर्वच रंगांना सारखे मंद करते आणि म्हणून रंग खरे दिसतात. विहिरीत उतरणाऱ्याने मात्र पांढऱ्या काचेखेरीज दुसरी घेऊच नये. खोल विहिरीत उजेड आधीच तोकडा असतो. शिवाय काठावरून उडी मारताना गॉगल डोळ्यांवर आदळू शकतो, म्हणून तो पाण्यात उतरल्यावरच लावावा.

उघड्या पाण्याचा विषय इतका सरळ नाही. तेथे पाण्याखाली पाहण्यासारखे फारसे नसते. मुंबईच्या बंदरात धरमतर ते गेटवे ऑफ इंडिया हे सुमारे 36 किलोमीटरचे अंतर पोहणाऱ्याला गाळाने भरलेल्या पाण्यात आपल्याच हाताची बोटे धड दिसत नाहीत; कोणत्याही रंगाची काच तेथे चमत्कार करीत नाही. काचेचे खरे काम असते ते डोके वर काढण्याच्या त्या एका क्षणात. पोहणारा काही हातांनंतर मान उचलतो, समोरचा बोया, सोबतची होडी किंवा किनाऱ्यावरची खूण हेरतो आणि पुन्हा पाण्यात तोंड घालतो. त्या क्षणी जे दिसते त्यावर पुढची दिशा ठरते. बोया बहुधा नारिंगी किंवा पिवळा असतो. निळी काच नारिंगी प्रकाश अडविते, त्यामुळे तोच बोया काळपट होऊन लाटांत मिसळतो. पिवळी किंवा अंबर रंगाची काच याच्या उलट पाण्याची निळाई दाबते आणि नारिंगी रंग पुढे आणते. ढगाळ हवेत, धुक्यात, पहाटेच्या अर्धवट उजेडात ती म्हणूनच उपयोगी पडते. तलावासाठी घेतलेला निळा गॉगल तसाच समुद्रावर नेणे ही दिसायला लहान, परंतु महाग पडणारी काटकसर आहे.

यानंतर सूर्य कोठे असेल याचा विचार करावा. मालवणचा किनारा पश्चिमेचा. सकाळी समुद्राकडे निघालेल्याच्या पाठीशी सूर्य असतो, वळून किनाऱ्याकडे येताना तो समोर येतो. म्हणजे शर्यतीचा दुसरा, थकव्याचा भाग चकाकीत पोहावा लागतो. अशा वेळी धुरकट काच, तिच्यावर आरशाचा लेप असेल तर अधिक बरी. मर्क्युरी गॉगल केवळ दिखाऊ नाही. त्याचा लेप समोरून येणारा बराच प्रकाश परतवून लावतो. पोलराइज्ड काच पाण्यावरून आडवी परावर्तित होणारी चकाकी नेमकी कापते, आणि हा तिचा खरा गुण. मात्र तिच्यातून काही डिजिटल घड्याळांचा पडदा काळा दिसतो, हे वेळ पाहत पोहणाऱ्याने घेण्याआधी तपासावे. लांब पल्ल्याच्या पोहण्यात रात्रीचाही समावेश असतो. पुण्याचे रोहन मोरे यांनी 2018 मध्ये न्यूझीलंडची कुक सामुद्रधुनी पोहून सात सागरांचे आव्हान पूर्ण केले. ते पूर्ण करणारे ते पहिले आशियाई. अशा मोहिमा तासन्‌तास चालतात आणि अंधारात पांढऱ्या काचेला पर्याय नसतो. त्यामुळे लांब पल्ल्याच्या तयारीत रंगीत आणि पांढरा असे दोन्ही गॉगल होडीत ठेवण्याची रीत आहे.

रंग आणि संरक्षण या दोन गोष्टी एक नव्हेत, याकडे पालकांचे सहसा लक्ष जात नाही. सूर्याच्या अतिनील किरणांना अडविण्याचे काम काचेच्या गडदपणावर अवलंबून नसते. चांगल्या पॉलिकार्बोनेटची बिनरंगी काचही ते करते. उलट हलक्या प्लास्टिकच्या गडद काचेमागे बाहुली विस्फारते आणि किरणांना वाट अधिक मोकळी मिळते. म्हणून वेष्टनावर ‘यूव्ही 400’ किंवा तत्सम स्पष्ट उल्लेख पाहावा. रंगावरून अंदाज बांधू नये. चष्मा असणाऱ्यांसाठी नंबरचे तयार गॉगल मिळतात. कॉन्टॅक्ट लेन्स लावून पाण्यात उतरणे टाळावे, पाण्यातील जंतू लेन्सखाली अडकून डोळ्याला गंभीर संसर्ग होऊ शकतो.

खर्चाचा हिशेब मांडायचा तर एका महागड्या गॉगलऐवजी मध्यम किमतीचे दोन घेणे शहाणपणाचे ठरते : एक पांढरा, एक धुरकट मर्क्युरी. ढगाळ हवेत वरचेवर उघड्या पाण्यात उतरणाऱ्याने तिसरा अंबर ठेवावा. प्रसंगानुसार काच बदलणारे, उन्हात आपोआप गडद होणारे गॉगलही आहेत. परंतु त्यांचा रंग बदलण्यास वेळ लागतो आणि किमतीच्या मानाने घरगुती वापरात तो लाभ तोकडा वाटतो. आतील धुके रोखणारा लेप बोटाने पुसला की संपतो, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगावे. साध्या पाण्याने धुवून सावलीत वाळविलेला गॉगल टिकतो. उन्हात तापलेल्या मोटारीत ठेवलेला लवकर खराब होतो.

लोणखेड्याच्या मुलांना उघडे पाणी म्हणजे समुद्राआधी तापी आठवते. गोमाई जिला प्रकाशाजवळ मिळते, ती तापी पश्चिमवाहिनी आहे. संध्याकाळी प्रवाहाबरोबर निघालेल्याच्या डोळ्यांत सूर्य असतो आणि सकाळी परतताना पुन्हा तोच. परंतु सारंगखेडा आणि प्रकाशा येथील बॅरेजमुळे पाण्याची पातळी वरून सांगता येत नाही, दरवाजे उघडले की शांत दिसणारे पाणी ओढू लागते, पावसाळ्यात गाळ इतका येतो की पाण्याखाली झाड आहे की दगड हे कोणत्याही काचेतून कळत नाही. गॉगल लावलेल्या मुलाला आपल्याला सारे दिसते असे वाटू लागते. घरातील वडीलधाऱ्यांनी धास्ती घ्यावी ती या वाटण्याचीच. जाणकार माणूस, होडी आणि दोरी यांवाचून या नदीत उतरण्याचा हट्ट कोणत्याही रंगाच्या काचेने योग्य ठरत नाही.

मालवणची तयारी करणाऱ्या मुलीसाठी आणखी एक खरेदी गॉगलइतकीच आवश्यक आहे. गॉगलने तिला दिसते. ती इतरांना दिसावी यासाठी डोक्यावर भडक नारिंगी किंवा गुलाबी टोपी हवी. निळी, पांढरी किंवा काळी टोपी लाटांच्या फेसात होडीवाल्याच्या नजरेतून सुटते. टोपी आणि दोन्ही गॉगल किमान दोन-तीन आठवडे आधी घेऊन सरावात वापरावेत, आणि सरावाची वेळ स्पर्धेच्या वेळेशी जुळवावी, म्हणजे त्या उजेडात कोणती काच डोळ्यांना सोसते ते तिचे तिलाच कळेल.