झटका वाढवण्याआधी सिरिंज पाहा

ईसीटीच्या कोर्समध्ये पाचव्या-सहाव्या पाळीला हा प्रसंग हटकून येतो. आकडी येते, पण दहा-बारा सेकंदांत विरून जाते. ईईजीच्या पट्टीवर लाटा नीट उभ्या राहण्याआधीच रेघ बसते. मनोविकारतज्ज्ञ मशिनवरचा विद्युतभार वाढवतात, पुढच्या पाळीला आणखी वाढवतात. रुग्णाच्या डोक्याशी उभ्या असलेल्या भूलतज्ज्ञाला प्रोपोफॉल किती दिलं होतं, हे कुणी विचारत नाही. तोही आपणहून सांगत नाही.

कोर्स पुढे सरकतो तसा आकडीचा उंबरठा चढत जातो, वयाबरोबरही तो चढतो. त्यामुळे विद्युतभार वाढवावा लागणारच. आमचं म्हणणं इतकंच आहे, की तो वाढवण्याआधी भुलीचं औषध, त्याची मात्रा आणि वेळ तपासून झाली पाहिजे. विद्युतभार वाढला की पाळीनंतरचा गोंधळ वाढतो, स्मृतीवरचा ताण वाढतो. भूल जास्त पडल्यामुळे आकडी तोकडी राहिली असेल, तर आपल्या सवयीची किंमत रुग्णाची स्मरणशक्ती मोजते.

ही सवय येते ती अँप्यूलच्या आकारातून. एक टक्का प्रोपोफॉलच्या दहा मिलिलिटरच्या अँप्यूलमध्ये १०० मिग्रॅ औषध असतं. सकाळी यादीतल्या सगळ्यांच्या सिरिंजा भरून ट्रेमध्ये ओळीने ठेवल्या जातात, प्रत्येक दहाच्या रेघेपर्यंत. टेबलावर येते ती महिनाभर नीट न जेवलेली, ४५ किलो वजनाची बाई. किलोला एक मिग्रॅ धरलं तर तिला साडेचार मिलिलिटर पुरेत. पण सिरिंज भरलेली असते, हात सरावाचा असतो, आणि औषध वाया कशाला घालवायचं असंही वाटतं. तिला दुपटीहून अधिक प्रोपोफॉल जातं. ईसीटीसाठी किलोला पाऊण ते दीड मिग्रॅ बहुतेकांना पुरतं. शस्त्रक्रियेसाठी भूल देताना बसलेली हाताची सवय ईसीटीच्या खोलीबाहेर ठेवूनच आत यायला हवं.

प्रोपोफॉल वाईट नाही. जाग लवकर येते, मळमळ कमी होते, आकडीनंतर उसळणारा रक्तदाब आणि नाडी बरीच आटोक्यात राहते. पण ते आकडी आखूड करतं, आणि मात्रेबरोबर हा परिणाम वाढत जातो. थायोपेन्टोनही आकडीला विरोध करतं, पण प्रोपोफॉलइतका नाही. किलोला दोन-तीन मिग्रॅमध्ये काम होतं. जाग मात्र सावकाश येते आणि नाडीचे चढउतार अधिक दिसतात. पाश्चात्त्य पुस्तकांत ज्याला पहिला मान आहे ते मेथोहेक्सिटाल आपल्याकडे सहजी मिळत नाही, म्हणून त्या तक्त्यांची नक्कल करून आपलं भागत नाही. आकडी वारंवार तोकडी पडत असेल तर एटोमिडेटकडे वळावं, किलोला ०.१५ ते ०.३ मिग्रॅ. आकडी चांगली लांबते. ते टोचताना हातपाय झटकतात, त्याला आकडी समजू नये. हृदय कमकुवत म्हणून एटोमिडेट निवडणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावं, की भूल देताना रक्तदाब टिकला तरी आकडीनंतरची उसळी ते रोखत नाही; एस्मोलॉल किंवा लॅबेटॅलॉल हाताशी लागतंच. अधिवृक्क ग्रंथी तात्पुरती दबते, हे आठवड्यातून तीनदा तेच औषध देताना विसरून चालणार नाही.

केटामाइनबद्दल गेल्या काही वर्षांत फार उत्साह दिसतो. नैराश्यावर ते स्वतंत्रपणे गुणकारी ठरल्यावर ईसीटीला दिल्यास दुहेरी फायदा होईल, ही आशा स्वाभाविक होती. पण २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या चाचणीत ईसीटीच्या भुलीला केटामाइनची जोड देऊन स्मृती वाचल्याचं दिसलं नाही, आणि नैराश्य लवकर उतरल्याचंही नाही. ते उंबरठा चढवत नाही हा गुण खरा, आणि तेवढ्यासाठी ते जरूर वापरावं. अधिक गुण चिकटवून नातेवाइकांना आशा लावू नये.

औषधाच्या नावाइतकीच महत्त्वाची आहे वेळ, आणि तिच्यावर आपण फार कमी बोलतो. प्रोपोफॉलचा डोस दिल्यावर त्याची मेंदूतली पातळी भराभर उतरते. स्कोलिन गेलं, पायाच्या बोटांपर्यंतची थरथर थांबली, की लगेच बटण दाबायची घाई होते, कारण बाहेर बाकीचे रुग्ण उपाशीपोटी बसलेले असतात. त्याऐवजी भूल दिल्यापासून दीड-दोन मिनिटं जाऊ द्यावीत. तेवढा वेळ शंभर टक्के ऑक्सिजनवर बॅग थोडी भरभर दाबावी. कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि आकडी खुलते. यासाठी एक पैसाही खर्च नाही. एका पायाच्या घोट्यावर रक्तदाबाचा पट्टा स्कोलिनआधी फुगवून ठेवला, तर ते पाऊल मोकळं राहतं आणि त्याची उचल किती सेकंद चालली हे डोळ्यांनी मोजता येतं.

मात्र सेकंद मोजून काम संपत नाही. सॅकाइम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ सालीच दाखवून दिलं, की उजव्या बाजूला उंबरठ्याएवढाच विद्युतभार दिला तर आकडी पुरेशी लांब येऊनही नैराश्य हटत नाही. म्हणून पट्टीवर लाटांची उंची, दोन्ही बाजूंचा मेळ आणि शेवटी रेघ किती झटकन सपाट होते, हे पाहायला शिकावं. मनोविकारतज्ज्ञ हे पाहतात. आपण त्या वेळी वायुमार्गात गुंतलेलो असतो. रुग्णाचा श्वास परतल्यावर तीच पट्टी हातात घेऊन दोघांनी मिळून वाचायला मिनिटभर लागतं.

मात्रा कमी करा असं म्हणताना तिची खालची मर्यादाही तितक्याच ठामपणे सांगायला हवी. भूल उथळ राहिली आणि स्नायू शिथिल झाले, तर माणूस जागा राहून गुदमरतो. पहिला झटका वाया गेला आणि पुन्हा देण्याची तयारी चालली असेल, तर भूल उतरत चालली आहे याचं भान आपल्यालाच ठेवावं लागतं. पापण्यांची प्रतिक्रिया गेल्याशिवाय स्कोलिन देऊ नये, आणि पुन्हा झटका द्यायचा असेल तर भुलीचं औषध थोडं वाढवावं. मनोरुग्णाच्या बाबतीत ही जबाबदारी दुणावते. इतर रुग्णाने ‘मला सगळं ऐकू येत होतं, श्वास घेता येत नव्हता’ असं सांगितलं तर आपण हादरतो. मनोरुग्णाने सांगितलं तर ते केसपेपरवर आजाराचं लक्षण म्हणून नोंदलं जाण्याचा धोका असतो. त्याचं बोलणं प्रथम खरं धरावं आणि मग आपली नोंद तपासावी.

१९३८ साली रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी यांनी पहिला झटका दिला तेव्हा भूलही नव्हती, शिथिलकही नव्हतं. मणके मोडत. १९५०च्या दशकात स्कोलिन आलं आणि हा उपचार सुसह्य झाला. आपल्याकडे मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम ९५ ने शिथिलक आणि भूल यांच्याविना ईसीटी देण्यास बंदीच घातली. कुठलं औषध, किती, कधी हे कायदा सांगत नाही. ते आपल्यावर सोपवलेलं आहे.

आणि ज्या स्कोलिनने हे घडवलं, तेच महाराष्ट्रात एका ठिकाणी दगा देऊ शकतं. विदर्भ-मराठवाड्यात नैराश्यातून कीटकनाशक प्यायलेला शेतकरी वाचतो, अतिदक्षता विभागातून सुटतो आणि दोन-तीन आठवड्यांत ईसीटीसाठी आपल्यासमोर येतो. मोनोक्रोटोफॉस किंवा क्लोरपायरीफॉससारख्या विषाने दबलेलं कोलिनेस्टरेज भरून यायला काही आठवडे लागतात. त्याला नेहमीचं स्कोलिन दिलं तर पाच मिनिटांत परतणारा श्वास तासन् तास परतत नाही. फाइलमध्ये ‘पॉइझनिंग’ हा शब्द दिसला की कोणतं विष आणि कधी, हे विचारावं, कोलिनेस्टरेजची तपासणी मागावी. कॅटाटोनियात कित्येक आठवडे हालचाल न केलेल्या रुग्णाचा धोका वेगळा: स्कोलिनने पोटॅशियम उसळून हृदय थांबू शकतं. अशा दोघांसाठी कमी मात्रेत रोक्युरोनियम आणि उतरवायला सुगामाडेक्स हा मार्ग आहे. तो महाग आहे, आणि अशा रुग्णासाठी खर्च करण्यासारखा आहे.

हे सगळं दर पाळीला नव्याने आठवत बसण्याची गोष्ट नाही. कोर्सभर शक्यतो एकच औषध ठेवावं, म्हणजे आकडी बदलली तर कशामुळे बदलली ते कळेल. प्रत्येक पाळीची एक ओळ एकाच कागदावर असावी: वजन, औषध आणि मिलिग्रॅम, भूल दिल्यापासून झटक्यापर्यंतची सेकंदं, विद्युतभार, पावलाची आणि ईईजीवरची आकडी, श्वास परतायला आणि स्वतःचं नाव सांगायला लागलेला वेळ. आदल्या रात्री लोराझेपाम दिलं होतं का, व्हॅल्प्रोएट चालू आहे का, हेही त्याच ओळीत. दोन्ही आकडी दाबतात, आणि ती थांबवायची की नाही हे मनोविकारतज्ज्ञांशी बोलूनच ठरतं. तो कागद मनोविकार विभागाच्या फाइलमध्ये राहावा. पुढच्या आठवड्यात पाळी दुसऱ्या भूलतज्ज्ञाकडे असेल, तर सिरिंज भरण्याआधी त्याने तो मागून घ्यावा.