टेबल भाड्याने मिळते, शेजार मिळत नाही

२००५ साली सॅन फ्रान्सिस्कोत ब्रॅड न्यूबर्ग नावाच्या संगणक अभियंत्याने एकेकट्याने काम करणाऱ्यांसाठी सामायिक जागा उघडली आणि प्रस्थापितांना 'को-वर्किंग'चा शोध लागला. आमचा धारावीतला चर्मकार कित्येक दशके दुसरे काय करतो आहे? एकाच माळ्यावर एक जण कापतो, दुसरा शिवतो, तिसरा बक्कल बसवतो. अडले की शेजाऱ्याला विचारतो. याला कुणी सर्जनशीलता म्हटले नाही. 'धंदा' म्हटले, तोही जातीचा.

२०१५ मध्ये महाराष्ट्रात बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. कातडे आटले, हात रिकामे झाले. तेव्हा सुधीर राजभर या कलावंताने धारावीच्याच कारागिरांना सोबत घेऊन टाकाऊ रबराच्या पिशव्या घडवल्या आणि ज्या शब्दाने हिणवले जाते, तो 'चमार' हाच शब्द ब्रँड म्हणून मिरवला. (आमच्या पुढाऱ्यांना हे सुचले नाही, ते असो.) चामडे गेले तरी कसब आणि शेजार शाबूत होते, म्हणून हे जमले.

आता धारावीच्या पुनर्विकासात घरांचा हिशेब चालला आहे. पण वरच्या माळ्यावर भाड्याने बसणाऱ्या कारागिराच्या कामाच्या जागेचे काय? तिघे तीन दिशांना फेकले गेले, तर पुढची नवी पिशवी कोण, कुणाला विचारून शिवणार?