कृषिदूतांनी गावाला काय दिले?

पावसाळा लागला की कृषी महाविद्यालयांच्या अंतिम वर्षाचे विद्यार्थी गावोगावी मुक्कामास येतात. आपण त्यांना कृषिदूत व कृषिकन्या या नावांनी ओळखतो. पदवी घेण्यापूर्वी विद्यार्थ्याने काही महिने शेतकऱ्याच्या सहवासात राहून काम शिकावे, अशी शिफारस रंधावा समितीने १९९२ साली केली आणि तेव्हापासून ही प्रथा रूढ झाली. तिचा हेतू उत्तम आहे. परंतु प्रत्यक्षात काय घडते, याचा विचार गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी व शेतकरीबंधूंनी मोकळेपणाने करावयास हवा.

एका गावी प्रस्तुत लेखकाने पाहिलेला प्रसंग सांगतो. जुलै उलटत आला होता. चावडीसमोर विद्यार्थ्यांनी सोयाबीनच्या उगवणशक्तीचे प्रात्यक्षिक मांडले होते. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत शंभर दाणे मांडावेत, गुंडाळी करून ती सावलीत ओली ठेवावी, आठवड्याने उगवलेले दाणे मोजावेत. सत्तर किंवा अधिक उगवले तर बियाणे नेहमीच्या प्रमाणात पेरावे, कमी उगवले तर प्रमाण वाढवावे, हे सारे त्यांनी नीट समजावून दिले. छायाचित्रे निघाली. मागे बसलेले एक वृद्ध शेतकरी एवढेच म्हणाले, “पोरांनो, चांगलं सांगितलंत; पण माझं बियाणं जमिनीत जाऊन महिना झाला.”

सांगितलेल्या माहितीत एकही चूक नव्हती. चूक होती ती वेळेची. हे प्रात्यक्षिक मे महिन्यातले. जुलैत ते केवळ वहीत नोंदण्यापुरते उरते. विद्यार्थ्यांचा यात मोठा दोष आहे असे मला वाटत नाही. त्यांना ठराविक प्रात्यक्षिकांची यादी पुरी करावयाची असते व गुण अहवालावर मिळतात. आपणही त्यांना हारतुरे देतो, सभा भरवतो आणि मग कार्यालयातील तक्ते भरण्यास बसवतो. गावाला तुमच्याकडून अमुक काम हवे आहे, असे मात्र त्यांना कोणीच सांगत नाही.

कामातून शिक्षण याचा खरा अर्थ ज्यांना पाहावयाचा असेल त्यांनी पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील पाबळ येथे जावे. हिंदुस्थान लीव्हर कंपनीच्या संशोधन विभागात काम केलेले शास्त्रज्ञ डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी या कोरडवाहू गावी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत मन न रमलेली मुलेही तेथे वर्षभर राहून लोखंडकाम, बांधकाम, विजेची जोडणी, शेती, पशुपालन, आहार व आरोग्य यांचे धडे गिरवतात. डॉ. कलबाग २००३ साली निवर्तले, तरी काम चालू राहिले. त्यांच्या पद्धतीचे मर्म असे की विद्यार्थ्याने केलेली वस्तू वा दिलेली सेवा गावातील कोणाच्या तरी गरजेची असावी आणि त्याने तिचा मोबदला द्यावा. वाकडे बसलेले फाटक परीक्षक एखादे वेळी खपवून घेईल; पैसे मोजणारा शेतकरी ते परत पाठवील. त्या परत आलेल्या फाटकातून मुलगा जे शिकतो ते पुस्तकातून शिकवता येत नाही.

कृषिदूतांकडून मोबदल्याचे काम घ्यावे असे माझे म्हणणे नाही. गरजेचे काम मात्र अवश्य घ्यावे, आणि ते हंगामाशी जुळणारे असावे. कापसाचे उदाहरण घेऊ. गुलाबी बोंडअळी बोंडात शिरली की बाहेरून दिसत नाही व फवाराही तिच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून तिचे पतंग मोजत राहणे हाच शहाणपणाचा मार्ग. पेरणीनंतर दीड महिन्याच्या सुमारास हेक्टरी पाच कामगंध सापळे लावावेत. एका सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग सापडले तर उपाय योजण्याची पातळी गाठली असे समजावे. फुलांच्या दिवसांत डोमकळ्या शोधाव्यात. पुढे वीस झाडांवरून प्रत्येकी एक हिरवे बोंड तोडून फोडावे. दोन बोंडांत अळी निघाली तरी पातळी गाठलीच.

हे सारे शेतकऱ्यास ठाऊक नसते असे नाही. परंतु रोज सकाळी सापळा उघडून पतंग मोजणे व आकडा लिहून ठेवणे हे निंदणी-खुरपणीच्या घाईत मागे पडते. गावातच मुक्काम असलेल्या पाच-सहा तरुणांना ते सहज साधेल. त्यांनी शिवाराच्या निरनिराळ्या भागांतील सापळ्यांचे आकडे रोज ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावेत. पातळी गाठली तर कृषी अधिकाऱ्यांस बोलवावे. औषधाचे नाव मात्र स्वतः सुचवू नये. पातळी गाठली नाही तर फवारणी थांबवावी असे निःशंकपणे सांगावे.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. अनावश्यक फवारा टळला तर पैसा वाचतो आणि पाठीवर पंप घेणारा माणूस एका धोक्यातून सुटतो. विद्यार्थ्यांची याहून मोठी कामगिरी कोणती? अडचण इतकीच की न झालेल्या फवारणीचे छायाचित्र निघत नाही. महाविद्यालयांतील अध्यापकबंधूंनी अशा कामास गुण देण्याची तजवीज केली तर विद्यार्थी ते आनंदाने करतील, याविषयी मला शंका नाही.

यंदा कृषिदूत येतील तेव्हा पहिल्याच सभेत त्यांच्यापुढे गावाची दोन-तीन कामे ठेवावीत. जेथे कापूस नसेल तेथे दुसरे काही निघेलच. गोठ्यांतील जनावरांच्या लसीकरणाची नोंदसुद्धा अनेक गावांत धड नसते. या कामाची वही दुहेरी लिहावी. एक प्रत महाविद्यालयास जाऊ द्यावी, दुसरी ग्रामपंचायतीत ठेवून पुढील वर्षी येणाऱ्या तुकडीच्या हाती पहिल्याच दिवशी द्यावी. आणि उगवणशक्तीची गोणपाटे, कृषिदूत येण्याची वाट न पाहता, मे महिन्यात आपण स्वतःच भिजवावीत.