तिजोरीत मावतं किती?

दहा कोटी मावतील एवढ्या तिजोरीत 122 कोटी कसे ठेवायचे? न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेच्या प्रभादेवीतल्या तिजोरीचे हे आकडे पोलीस तपासातून बाहेर आले, तेव्हा आमच्या लोअर परळच्या नाक्यावर लोक आधी हसले, मग भडकले. 12 फेब्रुवारी 2025 ला रिझर्व्ह बँकेचे अधिकारी तपासणीला गेले आणि कागदावरची रोकड तिजोरीत सापडलीच नाही. दुसऱ्या दिवशी व्यवहारांवर निर्बंध आले. लॉकर उघडायलाही रांग.

रांगेतला राग जवळ सापडेल त्याच्यावर निघतो. काउंटरवरच्या पोरीने शिव्या खाल्ल्या. वास्तविक तिला तिजोरीचं दारही कधी दिसलं नसेल. पोलिसांनी महाव्यवस्थापकाला अटक केली, पुढे आणखी काहींना. त्यांचं काय ते न्यायालय ठरवेल. माझा राग सह्यांवर आहे. रोकड शिल्लक बरोबर आहे, असं वर्षानुवर्षं कागदावर येत राहिलं. त्याखाली सही करणाऱ्या एकालाही तिजोरी उघडून बघावीशी वाटली नाही?

ही बँक मुळात कामगारांची. जॉर्ज फर्नांडिस यांनी 1968 मध्ये ती काढली तेव्हा तिचं नाव ‘बॉम्बे लेबर को-ऑपरेटिव्ह बँक’ होतं. गिरणगावातला माणूस सहकारी बँकेकडे जायचा तो व्याज अर्धा टक्का जास्त म्हणून, आणि तिथे आपल्या भाषेत बोलता येतं म्हणूनही. आमच्याकडच्या सोसायट्यांनीही दुरुस्तीचा निधी अशाच बँकांत ठेवला. बँक बुडाली तर विमा पाच लाखांचा आणि सोसायटी हा एकच ठेवीदार! मग त्या सोसायटीत घरं कितीही असोत.

मोठ्या बँकेची गोष्ट मात्र वेगळी. सेनापती बापट मार्गावर, एल्फिन्स्टन मिलच्या जागेवर उभ्या राहिलेल्या काचेच्या टॉवरात येस बँकेचं मुख्यालय होतं. 5 मार्च 2020 ला तिच्यावर निर्बंध आले. स्टेट बँकेसह मोठमोठ्या बँका पैसे घेऊन धावल्या आणि 18 मार्चला निर्बंध उठलेसुद्धा. त्याआधी सप्टेंबर 2019 मध्ये अडकलेले पीएमसी या सहकारी बँकेचे ठेवीदार तेव्हा रस्त्यावरच होते. त्यांची बँक दुसरीत विलीन व्हायला जानेवारी 2022 उजाडला, आणि मोठ्या ठेवींचे हप्ते तर दहा वर्षांपर्यंत लांबवले. सगळी व्यवस्था कोलमडू नये म्हणून मोठी बँक वाचवावी लागते, हे मला कळतं. पण त्याच शहरातल्या पेन्शनरला ते कोणत्या तोंडाने सांगायचं?

न्यू इंडियाचे ठेवीदार त्या मानाने लवकर सुटले. 4 ऑगस्ट 2025 ला बँक सारस्वत बँकेत विलीन झाली आणि ठेवी वाचल्या. लगेच नाक्यावरचा विषय बदलला, दहीहंडीच्या थरांवर गेला. ठेव परत मिळाली की हिशेब मागायचा उत्साहच संपतो, आणि सह्या करणाऱ्यांना नेमकं तेच हवं असतं.

सहकारी बँकांच्या वार्षिक सभा साधारण सप्टेंबरअखेरपर्यंत होतात. लाभांश किती, भेटवस्तू काय, एवढं विचारून सभासद बटाटावड्याकडे वळतात. माझेही एका सहकारी बँकेत चार शेअर आहेत. यंदा सभेत उठून विचारणार आहे : आपली तिजोरी केवढी, तिच्यात रोकड किती, आणि ती शेवटची कोणी, कोणत्या तारखेला मोजली?