दोन दारांची हौस आणि धंद्याचे भांडवल

आपल्या व्यापारी घरांतील तरुण मुलांना सध्या 'स्पोर्ट कूपे' या गाडीचे वेड लागले आहे. बुटकी, लांब नाकाची, मागे उतरत जाणाऱ्या छपराची आणि दोनच दारांची ही मोटार. आमचा भाचाही या वेडातून सुटलेला नाही. दोन महिन्यांपूर्वी तो पेढीवर आला, मोबाईलवर एका जुन्या लाल जर्मन गाडीचे फोटो दाखवू लागला आणि म्हणाला, "मामू, चौदा लाखांत देतोय. नवी घ्यायची म्हटली तर जन्मात जमणार नाही."

हौस करूच नये असे आमचे म्हणणे नाही. हलाल कमाईतून, घरच्यांचा हक्क अदा करून कोणी मनाजोगी वस्तू घेत असेल तर त्याला नावे ठेवणारे आम्ही कोण? परंतु गाडी कोणती, पैसा कुठला आणि भरवसा कोणाच्या शब्दावर, या तीन गोष्टींचा विचार न करता उडी घेणारे तरुण आम्ही पाहत आहोत. म्हणून हा लेखनप्रपंच.

कूपे म्हणजे नेमके काय?

रेल्वेच्या पहिल्या वर्गातला दोन माणसांचा कूपे आपल्याला ठाऊक आहे. शब्द तोच, मूळ फ्रेंच. अर्थ 'कापलेली'. मोठ्या घोडागाडीचा भाग कापून आखूड केलेली गाडी ती कूपे. पुढे मोटारीलाही तेच नाव पडले. सामान्य माणसाला परवडणारी कूपे ही खरी अमेरिकेची चीज. १९६४ च्या एप्रिलमध्ये फोर्ड कंपनीने 'मस्टँग' बाजारात आणली ती २,३६८ डॉलरच्या मूळ किमतीला, आणि पहिल्याच वर्षात चार लाखांहून अधिक गाड्या खपल्या. तिथे कारखान्यातला तरुण कामगारही ती घेऊ शकत होता. हीच मस्टँग भारतात अधिकृतपणे आली २०१६ साली, आणि किंमत होती ६५ लाख रुपये. तिथल्या कामगाराची गाडी इथे येईपर्यंत शेठ लोकांची झाली.

आपल्या देशात प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड १९६० च्या दशकात दोन दारांची होती, पण आपल्याकडची कुटुंबे मोठी, म्हणून पुढे कंपनीने तिला चार दारे केली. आपल्या शेजारच्या गोव्यात सॅन मोटर्सने १९९० च्या दशकाच्या अखेरीस 'सॅन स्टॉर्म' नावाची उघड्या छपराची, दोन माणसांची छोटी गाडी काढली. फायबरचे अंग आणि रेनॉचे सुमारे १.२ लिटरचे इंजिन. दिसायला गोड होती, पण फारशी खपली नाही. गिऱ्हाईक प्रथम हे पाहते की वालिद-वालिदा मागे बसतील काय आणि डिकीत सामान मावेल काय. कूपेमध्ये दोन्ही प्रश्नांचे उत्तर 'नाही' असे आहे. भाच्याला आम्ही विचारले, "अम्मीला गुडघेदुखी आहे, तिला पुढची सीट वाकवून मागे बसवणार कसे?" तो हसला, पण उत्तर दिले नाही.

नवी की जुनी?

नवी, खरी दोन दारी कूपे आज आपल्या आवाक्यात नाही. बीएमडब्ल्यूची एम२ ही २०२३ साली आली तीच ९८ लाखांना. टाटा कर्व्ह आणि सिट्रोएन बसाल्ट या २०२४ साली आलेल्या गाड्यांना 'कूपे' म्हटले जाते खरे, पण त्यांना दारे चार. कूपेचे फक्त छप्पर. तरीही घरच्या माणसाला आमचा सल्ला याच जातीच्या गाड्यांकडे पाहावे असा आहे. त्यातही जीएसटीचा हिशोब ध्यानात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर १८ टक्के कर आहे, त्याहून मोठ्या गाडीवर ४० टक्के. कर्व्ह आणि बसाल्ट लांबीमुळे ४० टक्क्यांत जातात. तिरप्या छपराची मारुती फ्रॉन्क्स किंवा चपळ अशी ह्युंदाई आय-२० एन लाइन यांसारख्या गाड्या चार मीटरच्या आत बसतात.

जुन्या बाजारात मात्र चित्र निराळे. दहा-बारा वर्षे वापरलेली ऑडी टीटी किंवा तत्सम जर्मन गाडी नव्या मध्यम गाडीच्या भावात मिळते. भाव उतरला म्हणून मालाचा खर्च उतरत नाही, हे कापडवाल्याला सांगायला नको. गाडीची किंमत पडली तरी तिच्या सुट्या भागांची किंमत पडलेली नसते. दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बिघडला तर दुरुस्ती लाखांच्या घरात जाते. टायर पातळ, पोट जमिनीला टेकलेले, आणि आमच्या भिवंडीचे रस्ते कसे आहेत हे सर्वांना माहीत आहे. म्हणून जुनी कूपे घेणाऱ्याने खरेदीच्या पैशाखेरीज किमतीच्या निदान पाचव्या हिश्शाइतकी रक्कम दुरुस्तीसाठी वेगळी ठेवावी. ती नसेल तर गाडी परवडत नाही, असे समजावे.

पैसा कुठला?

भाच्याजवळ बचतीचे सहा लाख होते. बाकीचे आठ लाख फायनान्सवर. आम्ही कागद पुढे ओढला. बारा टक्के व्याज आणि पाच वर्षे धरली तर हप्ता येतो महिना १७,७९६ रुपये. पाच वर्षांत आठ लाखांचे परत होतात सुमारे १० लाख ६८ हजार. म्हणजे २ लाख ६८ हजार व्याज. रिबाबद्दल शरीअतचा हुकूम काय आहे, हे या साप्ताहिकाच्या वाचकांना आम्ही वेगळे सांगायला नको. पण ज्याला केवळ दुनियेचा हिशोब कळतो त्यानेही हे गणित पाहावे. वस्तू दरवर्षी उतरत जाणार आणि तिच्यावर व्याज चढत जाणार.

त्यावर भाचा म्हणाला, "मग व्याज नको. सुताच्या खात्यातून उचलतो, सहा महिन्यांत भरतो." हे तर त्याहून वाईट! आपल्या धंद्यात साठ-नव्वद दिवसांची उधारी. सुताचा भाव कधी चढेल याचा नेम नाही. त्या खात्यातला पैसा हा पूर्णपणे आपला नसतोच. त्यात सूतवाल्याचे देणे आहे, लूमवाल्याची मजुरी आहे. कारागिराची मजुरी अडवून दारात लाल गाडी उभी करणे याला आम्ही हौस म्हणत नाही, जुलूम म्हणतो.

कराचेही भ्रम आहेत. 'पेढीच्या नावावर घ्या, जीएसटी परत मिळेल' असे एजंट सांगतो. तसे नाही. तेरापर्यंत आसनांच्या प्रवासी मोटारीवरील कराचे क्रेडिट आपल्यासारख्या व्यापाऱ्याला मिळत नाही. आयकरात १५ टक्के घसारा मिळतो, तोही धंद्यासाठी वापर असेल तेवढाच. उलट प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या नावे नोंदणी केली तर महाराष्ट्रात रोड टॅक्स २० टक्के पडतो. व्यक्तीच्या नावे पेट्रोल गाडीला तो किमतीप्रमाणे ११ ते १३ टक्के आहे. आणि हो, गाडीसाठी साठवलेली रक्कम निसाबाइतकी असून तिच्यावर साल फिरले असेल तर तिची जकात आहे. स्वतःच्या वापरातल्या गाडीवर जकात नाही, पण तिच्यासाठी बाजूला ठेवलेल्या पैशावर आहे. हे पुष्कळजण विसरतात.

थान उलटून पाहा

आपण कापडवाले थान उलटून पाहिल्याशिवाय, किनार हाताखालून काढल्याशिवाय माल उचलत नाही. तेच आपण गाडी मात्र चमक पाहून घेतो. ही चूक आमच्याही हातून झाली आहे. २६ जुलै २००५ च्या पावसात मुंबई-कल्याणकडच्या असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. पुढच्या वर्षी आम्ही एका दलालाकडून स्वच्छ, सुगंधी, नव्या सीट-कव्हरची एक गाडी घेतली. पहिल्याच पावसाळ्यात वायरिंगने दगा दिला. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढला तेव्हा त्याच्या शेवटच्या वीतभर पट्ट्यावर चिखलाची रेघ दिसली. ज्या मिस्त्रीने आम्हाला 'बेफिकीर घ्या' म्हटले होते त्याला ते ठाऊक होते. दलालाकडून त्याचे कमिशन ठरलेले होते.

म्हणून बंधूंनो, गाडी सकाळी, इंजिन थंड असताना आणि उजेडात पाहावी. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढावा, गालिच्याखाली हात घालावा. बॉनेट आणि दारांच्या बोल्टवरचा रंग उडालेला असेल तर ते खोलले गेले आहेत असे समजावे. मीटर कमी आणि स्टिअरिंग, पेडलचे रबर झिजलेले असेल तर मीटर मागे फिरवले आहे. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडून जुनी नोंद काढावी. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून मग विझला पाहिजे. मुळीच लागत नसेल तर दाल में काला आहे. शेवटी, आपला मिस्त्री विकणाऱ्याने सुचवलेला नसावा.

कागद साफ, तर गाडी साफ

आरसी बुकवरचा चेसिस नंबर स्वतः गाडीवर पाहावा. कर्जाची नोंद असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन ती उतरवल्याशिवाय पैसे देऊ नयेत. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन विसरून जाऊ नये, नाव प्रत्यक्ष बदलून घ्यावे. विम्यातही चौदा दिवसांत नाव बदलण्याचा अर्ज करावा, नाहीतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई मिळण्यात अडचण येते. दिल्लीहून येणाऱ्या स्वस्त गाड्यांचा मोह आवरावा. तिकडे जुन्या गाड्यांवर निर्बंध आल्यामुळे त्या इकडे येतात, आणि एनओसी व महाराष्ट्राचा कर जोडला की स्वस्ताई संपते.

विकणाऱ्यानेही सावध असावे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केले आहे की नोंदणीत ज्याचे नाव, तोच कायद्याने मालक. गाडी विकून मोकळे झालात आणि नाव तुमचेच राहिले, तर घेणाऱ्याने केलेल्या अपघाताची भरपाई तुमच्या दारात येते.

मिस्त्री आणि दलाल बंधूंस

आता त्या लाल गाडीचे काय झाले ते सांगतो. आम्ही ती मोहल्ल्यातल्या एका तरुण मिस्त्रीकडे नेली. त्याने गाडी जॅकवर चढवली, खाली गेला, आणि बराच वेळ बाहेरच आला नाही. मग हात पुसत आम्हाला बाजूला घेऊन म्हणाला, "चाचा, रहने दो ये गाडी. रंग मीच मारलाय हिला." गाडी समोरून ठोकलेली होती, पुढचा भाग कापून दुसऱ्या गाडीचा जोडलेला होता. एअरबॅग फुटल्या होत्या, त्या परत बसवल्याच नव्हत्या. फक्त वरचे झाकण चिकटवून दिव्याची वायर तोडली होती. दलाल त्याला महिन्याला चार-पाच गाड्यांचे काम देत होता. ते काम त्या दिवसापासून बंद झाले.

आमचा भाचा त्या गाडीत बसून रात्री महामार्गावर जाणार होता. फुगण्यासाठी आत काहीच नसलेल्या त्या झाकणासमोर.

मदीनेच्या बाजारात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या ढिगात हात घातला आणि बोटांना ओल लागली, ही हकीकत आपण लहानपणी मदरशात ऐकली आहे. ओला माल वर का ठेवला नाहीस, हा त्यांचा सवाल होता. आपल्या फिकहमध्ये छुपा ऐब निघाला तर माल परत करण्याचा हक्क आहे, त्याला 'खियार-ए-ऐब' म्हणतात. मोटारीच्या धंद्यात आपले किती बांधव आहेत! गॅरेज, डेंटिंग-पेंटिंग, सुटे भाग, दलाली. ठोकलेली गाडी दुरुस्त करणे हा हुनर आहे, त्यात गैर काही नाही. ती ठोकलेली होती हे लपवणे, यात बरकत नाही. गाडीचा ऐब किमतीत धरा आणि तोंडाने सांगा. ग्राहक एक जाईल, पण ऐकून दहा येतील. त्या मिस्त्रीकडे आता आमच्या पेढीचे दोन्ही टेम्पो जातात. आणखी तीन व्यापाऱ्यांना आम्ही त्याचे नाव सांगितले आहे.

भाच्याचे सहा लाख शाबूत आहेत. त्यातली जकात त्याने काढली. लाल रंग अजून डोक्यातून गेलेला नाही, आणि तो जावा असेही आम्हाला वाटत नाही. पूर्ण रक्कम स्वतःची जमली, दुरुस्तीचा पाचवा हिस्सा वेगळा पडला आणि ऐब सांगणारा विक्रेता भेटला की त्याने खुशाल घ्यावी. त्या दिवशी पुढच्या सीटवर आम्हीच बसू, इन्शाअल्लाह.

अल्लाह आपणा सर्वांना सचोटीची तिजारत आणि हलाल रोजीत बरकत देवो. आमीन.