सात इंचांत न मावणारी मराठी

अमेझॉनच्या किंडल पेपरव्हाइट या ई-पुस्तके वाचण्याच्या यंत्राची बारावी पिढी २०२५च्या एप्रिलमध्ये भारतात विक्रीला आली. पडदा सात इंचांचा, तेव्हाची किंमत १६,९९९ रुपये. जाहिरातींत असली यंत्रे विमानात, जलतरण तलावाच्या काठी किंवा मऊ उशीशेजारी दिसतात. आमच्या मते या यंत्राची खरी जागा पुणे जिल्ह्यातल्या मावळात, कान्हे फाट्यावरून आत वळून टाकवे बुद्रुक मागे टाकल्यावर सुरू होते.

आषाढात आंदर मावळात वीज गेली की ती कधी येईल हे विचारण्यात अर्थ नसतो. तारेवर फांदी पडते, वायरमन चिखल तुडवत पोहोचेल तेव्हा पोहोचतो. वडेश्वरच्या पुढे मोबाइलच्या रेंजचा भरवसा नाही. खांडी-कुसूरकडे तर फोन विजेरी म्हणून जास्त उपयोगी पडतो. (याच खोऱ्यातले पाणी ठोकळवाडीच्या धरणातून घाट उतरून भिवपुरीच्या वीजघरात जाते आणि तिथली वीज १९२२ पासून मुंबईला, हे जाता जाता.) अशा ठिकाणी फोनवर पुस्तक वाचणे म्हणजे संध्याकाळपर्यंत फोन बंद. ई-शाईच्या पडद्याचे गणित वेगळे. त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक कुप्या असतात आणि त्यांत विरुद्ध विद्युतभाराचे पांढरे आणि काळे कण. विजेच्या इशाऱ्याने हवे ते कण वर येतात आणि पुढचा इशारा मिळेपर्यंत तिथेच राहतात. म्हणजे पान उलटतानाच काय ती वीज लागते. दिवा लावला तर त्याची वेगळी. कंपनी बॅटरी बारा आठवडे पुरेल म्हणते, पण ते रोज अर्धा तास वाचणाऱ्याला आणि वायफाय बंद ठेवून. रोज तीन तास वाचणाऱ्याने सहाने भागावे. दोन आठवडे तरी उरतात, आणि तेवढ्यात वायरमन नक्की येतो.

दुसरी गोष्ट पाण्याची. हे यंत्र दोन मीटर गोड्या पाण्यात तासभर तग धरते, असे कंपनी सांगते. तेवढ्या खोल कुणी वाचायला बसत नाही. पण लावणीच्या दिवसांत जिथे अंथरूणसुद्धा दमट असते आणि छापील पुस्तकाला श्रावण संपेपर्यंत बुरशी धरते, तिथे हा गुण चैनीचा नाही. अक्षर हवे तेवढे मोठे करता येते, म्हणून चष्म्याचा नंबर वाढलेल्या आजोबांनाही वाचता येते. पडदा बारीक विणीचा असल्याने जोडाक्षरांचा चिखल होत नाही. वेलांटी, रफार जागच्या जागी.

आता उणे बाजू. किंडलवर विकत मिळते ते पुस्तक नव्हे, वाचण्याचा परवाना. २००९च्या जुलैत अमेझॉनने ऑर्वेलच्या दोन कादंबऱ्या ग्राहकांच्या यंत्रांतून परस्पर काढून घेतल्या होत्या, आणि त्यातली एक नेमकी ‘१९८४’ होती. पैसे परत दिले, नंतर माफीही मागितली. घेतलेले पुस्तक संगणकावर उतरवून तारेने यंत्रात भरण्याची सोयही २०२५च्या फेब्रुवारीत बंद झाली. आंदर मावळच्या वाचकाला याचा अर्थ एवढाच, की विकतची पुस्तके वडगावात किंवा कान्ह्यात रेंज असताना उतरवून घ्यायची आणि मगच घरची वाट धरायची. शेजारच्याला वाचायला द्यायचे तर अख्खे यंत्र द्यावे लागते.

पण फुकटची पुस्तके अजूनही तारेने भरता येतात. त्यांना परवाना नाही, रेंज नको. गावच्या ग्रंथालयाने किंवा शाळेने एक यंत्र घेऊन त्यात दोनशे पुस्तके भरून ते पुस्तकासारखे आठवड्याच्या बोलीने घरी न्यायला द्यावे, यात अशक्य काही नाही. भातशेतीवर चालणाऱ्या घराने एवढे पैसे यात घालावेत असे आम्ही म्हणणार नाही. संस्थेला मात्र ते जड नाहीत. प्रश्न असा, की ती दोनशे मराठी पुस्तके आणायची कुठून?

पुस्तके आहेत. १९६० साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली स्थापन झालेल्या राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली शेकडो पुस्तके संकेतस्थळावर मोफत ठेवली आहेत. पण ती मुख्यतः पीडीएफ आहेत, म्हणजे छापील पानांची छायाचित्रे किंवा त्यासारखेच काहीतरी. पीडीएफचे पान कागदाच्या मापाचे. सात इंचांत ते अख्खे बसवले की अक्षर मुंगीएवढे, आणि मोठे केले की ओळ पडद्याबाहेर. प्रत्येक ओळीला पान डावीकडे-उजवीकडे सरकवत कादंबरी वाचायची असेल तर वाचकाला नमस्कार. अक्षर मोठे करण्याची सोय, जी या यंत्राची निम्मी किंमत वसूल करते, इथे निकामी ठरते.

जुन्या पुस्तकांचे स्कॅन करावे लागले, हे समजू शकते. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटात जुळवलेल्या पुस्तकांचेही तसेच: पडद्यावर मराठी दिसते, पण यंत्राच्या लेखी ती रोमन चिन्हांची रांग, त्यामुळे रूपांतर केले की पानभर गिचमीड. गंमत म्हणजे श्रीलिपी पुण्याची, देवनागरी संगणकावर आणण्यासाठी धडपडलेली सी-डॅक ही संस्थाही पुण्याची. टाकव्यापासून दोन तासांवर. आणि हे जमते याचा पुरावा सरकारच्याच घरात आहे. तर्कतीर्थांनीच उभा केलेला मराठी विश्वकोश युनिकोडमध्ये, म्हणजे यंत्रालाही मराठी म्हणूनच कळणाऱ्या अक्षरांत आहे. तो शोधता येतो, अक्षर मोठे करता येते, हव्या त्या पडद्यावर वाचता येतो. सख्ख्या भावंडांत एवढा फरक का?

सगळे एका दिवसात व्हावे असा आमचा हट्ट नाही. जुन्या स्कॅनची अक्षरे यंत्राकडून ओळखवून, मुद्रितशोधकाकडून तपासून घ्यावी लागतील. ते काम पैशांचे आणि वेळाचे आहे. पण आज जे पुस्तक छपाईला जाते ते युनिकोडमध्ये जुळवता येते. छपाईच्या पीडीएफबरोबर ईपब, म्हणजे पडद्याच्या मापाप्रमाणे ओळी जुळवून घेणारी फाइलही द्यावी, एवढी एक अट मंडळाने जुळणीच्या करारात घातली तर नवे प्रत्येक पुस्तक त्याच दिवशी कोणत्याही पडद्यावर मावेल. ईपबची किंडलला चालणारी फाइल करायला कोविद गोयल या भारतीय प्रोग्रामरने सुरू केलेले कॅलिबर हे सॉफ्टवेअर मोफत आहे. शाळेतल्या संगणकावरही ते चालवता येते. ईपबची अट मंडळाला पुढच्या निविदेतही घालता येईल.